होमा-आयआर पॅकेज: इन्सुलिन टोचणाऱ्यांनी ते का घेऊ नये, आणि त्याऐवजी काय मोजावं

पॅथॉलॉजी लॅबच्या जाहिरातींत हल्ली ‘इन्सुलिन रेझिस्टन्स प्रोफाइल’ सर्रास दिसतं. लॅब कुठलीही असो, आतला माल साधारण सारखाच असतो: उपाशीपोटीची साखर, उपाशीपोटीचं इन्सुलिन, त्या दोन्हींवरून काढलेला होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, याचा अंदाज), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल आणि कधी कधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, याची खूण). पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार) असलेल्या स्त्रिया किंवा टाइप २ मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली माणसं यांना त्याचा थोडाफार उपयोग होतो. हे परीक्षण त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्या शरीराच्या संरक्षण यंत्रणेनंच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारल्या, म्हणजे ज्यांचा मधुमेह स्वयंप्रतिकारातून आला (टाइप १), अशा प्रौढांसाठी आहे. टाइप १ लहानपणीच होतो हा समज अजून पुसला गेलेला नाही. तो तिशीत, चाळिशीत, पन्नाशीतही होतो, आणि प्रौढपणी सावकाश पुढे सरकणाऱ्या प्रकाराला लाडा म्हणतात.

निकाल आधीच सांगतो. तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर या पॅकेजमधला होमा-आयआर तुमच्या काहीही कामाचा नाही. कमी कामाचा नाही, काहीच कामाचा नाही. त्याऐवजी शिंप्याची टेप, रक्तदाबाचं मशीन आणि एचबीए१सी एवढ्यावर जास्त खरं उत्तर मिळतं. लाडा आहे पण इन्सुलिन अजून सुरू झालेलं नाही, अशांचं प्रकरण वेगळं आहे. त्याकडे पुढे येऊ.

प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. टाइप १ म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, आणि रेझिस्टन्स म्हणजे असलेल्या इन्सुलिनला शरीरानं दाद न देणं. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, त्यालाच ‘डबल डायबेटिस’ म्हणतात. घरात टाइप २ चा वारसा, पोटाचा वाढता घेर, मानेवर काळसर मखमली पट्टा, वाढता रक्तदाब आणि दर वर्षी चढत जाणारा डोस हे सगळं एकत्र दिसू लागलं की शंका घ्यायलाच हवी. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ दरम्यान झालेल्या डीसीसीटी या टाइप १ वरच्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांची आकडेमोड २००७ मध्ये पुन्हा केली गेली. सुरुवातीला ज्यांचं शरीर इन्सुलिनला चांगली दाद देत होतं, त्यांच्यात पुढे डोळ्यांचे, किडनीचे आणि हृदयाचे विकार कमी आढळले. म्हणून हे मोजायला हवंच, पण योग्य मापानं.

होमा-आयआर १९८५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये तयार झाला. हिशोब सोपा आहे: उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅममध्ये) गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. निरोगी माणसात उत्तर १ च्या आसपास येतं, आणि बऱ्याच लॅब २ ते २.५ च्या वर गेलं की ‘रेझिस्टन्स’ छापतात. या गणिताच्या पोटात एक गृहीतक आहे. साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, ती उतरली की कमी सोडतं, आणि रात्रभर उपाशी राहिल्यावर दोघांचा तोल जिथे स्थिरावतो, तो आकडा आपण वाचतो. टाइप १ मध्ये हा तोल राखणारा अवयवच कामातून गेलेला असतो. सकाळी सात वाजता रक्तात जे इन्सुलिन सापडतं, ते आदल्या रात्री सुईतून किंवा पंपातून आलेलं असतं. किती टोचलं, कुठे टोचलं आणि त्याला किती तास झाले, यावर तो आकडा ठरतो. शरीर त्याला किती दाद देतं हे त्यात कुठेच दिसत नाही.

दुसरी अडचण किटची. इन्सुलिन मोजणारे काही किट फक्त मानवी इन्सुलिन ओळखतात आणि ग्लार्जिन, लिस्प्रो, अस्पार्ट अशा बदललेल्या इन्सुलिनकडे जवळपास दुर्लक्ष करतात. काही किट त्यांनाही कमी-अधिक प्रमाणात पकडतात. समजा उपाशीपोटीची साखर १६२ आहे. पहिल्या प्रकारच्या किटवर इन्सुलिन ४ आलं तर होमा-आयआर १.६ आणि शेरा ‘नॉर्मल’. त्याच नळीतलं रक्त दुसऱ्या प्रकारच्या किटवर गेलं आणि इन्सुलिन २५ आलं तर होमा-आयआर १० आणि शेरा ‘सिव्हिअर’. माणूस तोच, सकाळ तीच. आणि रिपोर्टवर किट काय मोजतं आणि काय सोडतं हे लिहिलेलं सहसा नसतं.

तिसरी अडचण अँटीबॉडीची. वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचणाऱ्यांच्या रक्तात त्या इन्सुलिनविरुद्धच अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. त्या इन्सुलिनला धरून ठेवतात, किटची मोजणी बिघडवतात, आणि आकडा वर जाईल की खाली हे किटच्या रचनेवर ठरतं. लॅबच्या सॉफ्टवेअरला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते दोन आकडे गुणतं, भागतं आणि लाल किंवा हिरवा रंग देतं. नमुना घेताना ‘इन्सुलिन चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारून ‘हो’ आल्यास ही चाचणी रद्द करणं प्रत्येक लॅबला सहज जमण्यासारखं आहे, आणि ते व्हायला हवं.

आता लाडाचं. वय तिशीच्या पुढे, जीएडी अँटीबॉडी (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह आणि निदानानंतर किमान सहा महिने इन्सुलिनची गरज पडलेली नाही, ही त्याची रूढ व्याख्या. अशा माणसाचं स्वादुपिंड अजून थोडंफार काम करत असतं, म्हणून होमाच्या गणिताला पाय टेकायला जागा मिळते. तरी आम्ही इन्सुलिनऐवजी सी-पेप्टाइड वापरून संगणकावर काढलेला होमा-२ (होमाची सुधारित आवृत्ती) घ्या असं सांगू. सी-पेप्टाइड शरीरानं स्वतः बनवलेल्या इन्सुलिनसोबतच बाहेर पडतं आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. इतकंच, की बीटा पेशी मरत चालल्या की हाही आकडा घसरतो, आणि तो घसरला म्हणजे रेझिस्टन्स सुधारला असं नव्हे. म्हणून लाडामध्ये होमा-२ सुटा वाचू नये, सी-पेप्टाइड शेजारी ठेवूनच वाचावा.

सी-पेप्टाइड पॅकेजमध्ये असेल तर ते इन्सुलिनवर असलेल्यांनाही उपयोगी आहे, मात्र वेगळ्या कामासाठी. प्रौढपणी मधुमेह झाला आणि प्रकाराबद्दल शंका आहे, तर २०० पिकोमोल प्रति लिटरच्या खाली, म्हणजे साधारण ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली, टाइप १ कडे बोट जातं. ६०० च्या वर, म्हणजे साधारण १.८ नॅनोग्रॅमच्या वर, टाइप २ ची शक्यता बळावते. मधला पट्टा संशयाचा, तिथे काही काळानं पुन्हा तपासावं लागतं. त्याच वेळची साखर नोंदवणं आवश्यक आहे, कारण साखर ७० च्या खाली असताना घेतलेलं सी-पेप्टाइड फसवं कमी येतं. किडनी अधू असेल तर ते फसवं जास्त येतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही किटवर ते खोटं कमी दिसतं. त्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि नमुना घ्यायला येणाऱ्याला तसं सांगा.

घरी येऊन रक्त घेण्याच्या सेवेकडे इथे बारकाईनं पाहायला हवं, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. साखरेची नळी राखाडी बुचाची हवी. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशीच साखर खातात आणि तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. एचबीए१सी जांभळ्या बुचाच्या नळीत जातं. इन्सुलिनचा नमुना सुईत ओढताना रक्तपेशी फुटल्या, तर पेशींमधून सुटलेलं एन्झाइम इन्सुलिन तोडत राहतं आणि आकडा खाली येतो. सी-पेप्टाइडचा नमुना लवकर वेगळा करून थंड ठेवावा लागतो. दुचाकीच्या डिकीत एप्रिल महिन्यात तीन तास फिरलेल्या नळीवर विश्वास ठेवू नका. ‘यानंतर अजून किती घरं आहेत?’ असं सरळ विचारा, आणि सी-पेप्टाइड असेल तर शक्यतो लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या. एक सूचना याहूनही महत्त्वाची: उपाशीपोटी चाचणी आहे म्हणून रात्रीचं किंवा सकाळचं बेसल (सावकाश, बराच वेळ काम करणारं) इन्सुलिन चुकवू नका. पहाटे साखर ७० च्या खाली गेली तर काहीतरी गोड खा आणि चाचणी दुसऱ्या दिवशी करा.

मग इन्सुलिनवर असलेल्यांनी रेझिस्टन्स मोजायचा कसा? सर्वांत खरं माप म्हणजे क्लॅम्प. १९७९ मध्ये पद्धतशीर मांडलेल्या या पद्धतीत एका शिरेतून ठरावीक वेगानं इन्सुलिन सोडतात, दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज देत राहतात, दर पाच मिनिटांनी साखर मोजतात आणि ती ९० च्या आसपास खिळवून ठेवतात. शेवटच्या अर्ध्या तासात साखर स्थिर ठेवायला दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिग्रॅम ग्लुकोज लागलं, ते उत्तर. जास्त लागलं म्हणजे शरीर दाद देतंय. टाइप १ मध्ये आदल्या रात्रीपासून शिरेतून इन्सुलिन देऊन साखर आवरावी लागते, तेव्हा सकाळी सुरुवात करता येते. हे संशोधन केंद्रांचं काम आहे, तपासणीच्या दुकानात ते मिळत नाही.

क्लॅम्पच्याच आकड्याचा अंदाज बांधणारं सूत्र म्हणजे ईजीडीआर. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००० मध्ये टाइप १ असलेल्या २४ जणांवर क्लॅम्प करून ते बांधलं. मूळ सूत्रात कंबर-नितंब गुणोत्तर होतं. पुढे फक्त कंबरेच्या घेरावर चालणारं रूप आलं आणि तेच आम्हाला वापरायला सोयीचं वाटतं:

ईजीडीआर = २१.१५८ − (०.०९ × कंबर, सेंटिमीटरमध्ये) − (३.४०७ × उच्च रक्तदाब) − (०.५५१ × एचबीए१सी)

रक्तदाबाच्या जागी १ किंवा ० टाकायचं. १४०/९० किंवा त्यावर असेल, किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर १. उत्तर मिलिग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या एककात येतं, आणि ते जितकं कमी तितका रेझिस्टन्स जास्त. होमा-आयआरच्या अगदी उलटी दिशा, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचणाऱ्यांची गफलत होते.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा ४२ वर्षांची स्त्री, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर, रक्तदाबाची गोळी चालू, एचबीए१सी ८.२. कंबरेचे ८.४६ गेले, रक्तदाबाचे ३.४०७ आणि एचबीए१सीचे ४.५१८. उरले ४.८ च्या जरा खाली. स्वीडनच्या मधुमेह नोंदणीवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात लोकांचे चार गट केले होते: ४ पेक्षा कमी, ४ ते ६, ६ ते ८, आणि ८ किंवा अधिक. गट जितका खालचा, तितका मृत्यूचा धोका जास्त. ही स्त्री दुसऱ्या गटात येते. तिची कंबर ८८ वर आणि एचबीए१सी ७.२ वर आलं, तर गोळी चालू असूनही उत्तर ५.९ होतं. सहा सेंटिमीटर कंबर आणि एक टक्का एचबीए१सी यांचं या सूत्रातलं वजन जवळपास सारखं आहे, प्रत्येकी साधारण ०.५५. ज्यांना रोज फक्त साखरेबद्दल बोलणी खावी लागतात, त्यांच्यासाठी ही बाब खरोखर लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कंबर कशी मोजायची, यावर सगळं अवलंबून आहे. साडीची किंवा पँटची कंबर नव्हे. बरगडीचं सर्वांत खालचं टोक आणि बाजूचं कमरेचं हाड बोटांनी चाचपा, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. पाय जरा अंतरावर, पोट आत न ओढता साधा श्वास बाहेर सोडून झाल्यावर वाचा. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. कापडी टेप वापरून वापरून ताणते आणि घेर कमी दाखवते, म्हणून फायबरची घ्या. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० ही सावधगिरीची रेषा धरतात.

या सूत्राचं बीएमआयवर चालणारंही एक रूप आहे. आपल्याकडे ते टाळावं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचेच आकडे मांडले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार हा आपल्याकडचा घाट बीएमआयला दिसत नाही.

ईजीडीआरचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रक्तदाबाचं खातं शून्य किंवा एक असं असल्यानं १३८ वरून १४२ झालं की उत्तर एकदम ३.४ नं कोसळतं. म्हणून दवाखान्यातल्या एका मापावर ‘१’ लिहू नका, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून ठरवा. रक्तदाब चांगला असताना फक्त लघवीतल्या प्रथिनांसाठी एखादी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ गोळी चालू असेल, तर ती रक्तदाबाची गोळी म्हणून मोजली जाते आणि आकडा विनाकारण खाली जातो. दोन्ही पद्धतींनी काढा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा. दुसरा दोष: एचबीए१सी सूत्रातच बसलेलं असल्यानं ‘रेझिस्टन्समुळे माझं एचबीए१सी वाढलंय’ हे या आकड्यावरून सिद्ध करता येत नाही, तो तर्क गोल फिरतो. आणि तिसरा: सूत्र अमेरिकेतल्या मोजक्या लोकांवर बांधलेलं आहे. आपल्या घेराला ते जसंच्या तसं लागू होईल असं गृहीत धरू नये. एका आकड्यापेक्षा सहा-सहा महिन्यांनी घेतलेल्या चार आकड्यांची दिशा जास्त बोलते.

एचबीए१सी स्वतःच चुकत असेल तर सगळंच चुकतं. लोहाची कमतरता असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत ही अडचण नेहमीची आहे. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील तर ते चुकतं. नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आढळतो, तिथे एचबीए१सी छापून आलं तरी आधी हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी झाली आहे का ते विचारावं. सतत साखर मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांना वाट आहे: सरासरी साखरेत ४६.७ मिळवून २८.७ नं भागा. सरासरी १८० असेल तर ७.९ येतं. तोच आकडा सूत्रात टाका आणि पुढच्या वेळीही हाच मार्ग धरा.

डोसवरून अंदाज बांधणं हा सर्वांत स्वस्त उपाय. दिवसभराचं एकूण इन्सुलिन भागिले वजन. वरच्या उदाहरणातली स्त्री रोज ६२ युनिट घेत असेल तर ०.९१. टाइप १ मध्ये ०.५ ते १ ही नेहमीची पट्टी आहे, आणि १ च्या वर सतत राहिलं तर रेझिस्टन्सचा विचार करतात. मात्र त्याआधी सुई, जागा आणि बाटली तपासा, कारण इथे रेझिस्टन्सचा भास फार वेळा होतो. सिरिंजनं घ्यायचं इन्सुलिन आपल्या बाजारात मुख्यतः दोन ताकदींचं आहे (एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट): ४० युनिटची बाटली आणि तिची लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटचं इन्सुलिन आणि त्याची नारिंगी टोपीची सिरिंज. ४० च्या बाटलीतलं औषध नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२०’ पर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. माणूस डॉक्टरांना वीस सांगतो, साखर उतरत नाही, डोस वाढत जातो. उलट चूक जिवावर बेतते: १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२०’ पर्यंत भरलं की ५० युनिट जातात.

पोटावर एकाच जागी टोचून तयार झालेल्या चरबीच्या गाठी हे दुसरं कारण. बोटं ओली करून, थोडा साबण लावून पोटावरून फिरवा, रबरासारखा घट्ट उंचवटा लागतो. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि तिथूनच इन्सुलिन अर्धवट आणि अवेळी शोषलं जातं. नव्या जागी जाताना डोस डॉक्टरांना विचारून कमी करूनच जा, नाहीतर साखर झपकन उतरेल. तिसरं कारण उन्हाळा. उघडलेली बाटली साधारण महिनाभर टिकते, तीही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात फ्रिज नसेल तर ओल्या मडक्यात ठेवा, आणि ती पाण्यात बुडणार नाही एवढं पाहा. जंतुसंसर्ग, स्टेरॉइड, पाळीच्या आधीचे दिवस आणि बराच काळ चढलेली साखर यांतही डोस तात्पुरता वाढतो. अशा आठवड्यातला आकडा धरू नका.

पॅकेजमधल्या लिपिड प्रोफाइलला मात्र आम्ही चांगले गुण देऊ. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी ही जोडी टाइप १ मध्येही इशारा देते. हल्ली रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड आणि साखर यांवरून काढलेला ‘टीवायजी इंडेक्स’ही छापून येतो. त्यात उपाशीपोटीची साखर असते, आणि ती आदल्या रात्रीच्या बेसलवर हलते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्यावर फार विसंबू नये.

तेव्हा पॅकेज न घेता सुटं मागा: एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. प्रकाराबद्दल शंका असेल तर एकदाच जीएडी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड. काउंटरवर ‘पॅकेजच स्वस्त पडेल’ असं सांगितलं जातं आणि कधी कधी ते खरंही असतं. तसं असेल तर पॅकेज घ्या, पण होमा-आयआरच्या ओळीवर पेनानं रेघ मारा आणि कोऱ्या जागेत कंबर, घरच्या रक्तदाबाची सरासरी, दर किलो डोस आणि ईजीडीआर तारखेसह लिहून ठेवा. मेटफॉर्मिनचा विषय निघाला तर एवढं माहीत असू द्या: टाइप १ असलेल्या चाळिशीपुढच्या लोकांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत त्यानं वजन आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थोडं उतरवलं, एचबीए१सीमध्ये टिकाऊ फरक पडला नाही. आणि ‘-ग्लिफ्लोझिन’ नावाच्या गोळ्या टाइप १ मध्ये स्वतःहून कधीही सुरू करू नका. त्या चालू असताना साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन साचून कीटोॲसिडोसिस (रक्त आम्लयुक्त होण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो, आणि ग्लुकोमीटरवर तो दिसत नाही.